व्याधाच्या खालचा जोडतारा

काशिनाथ गेल्याची बातमी मला कँटीनच्या रांगेत कळली. जानेवारीतला दिवस, जेवणाची सुट्टी, ताटात नुकती उसळ पडलेली. मागे उभा असलेला देहूरोडचा एक वेल्डर सहज बोलल्यासारखं बोलला, की तुमच्या त्या दुर्बीणवाल्याला काल पोचवून आलो. कावीळ झाली, ती अंगावर काढली आणि पंधरा दिवसांत माणूस संपला. चाळिशी नुकती ओलांडली होती त्यानं. मी ताट घेऊन बाकावर जाऊन बसलो. पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहायला बसलोय तेच लाजेपायी, तेव्हा सांगून टाकतो... मला आधी वाईट वाटलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. एक गोष्ट जगात फक्त त्याला आणि मला ठाऊक आहे, असं मी सात वर्षं धरून चाललो होतो, आणि आता ती माझ्या एकट्यापाशी राहिली. उसळ मी संपवली, वर आणखी एक पाव मागून घेतला. वाईट वाटायला संध्याकाळ व्हावी लागली.

आम्ही दोघं बासष्ट साली एकाच दिवशी अप्रेंटिस म्हणून लागलो. कंपनी गेज बनवायची, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचे नग बरोबर आहेत की नाहीत ते तपासायची मापं. मी पुनावळ्याचा, शेतकऱ्याघरचा, सायकल मारत यायचो. तो देहूरोडचा, वडील लष्कराच्या डेपोत हमाल, घर बौद्ध. पहिल्या आठवड्यातच आमचं जमलं, कारण दोघांनाही मशीनपेक्षा मोजण्यात जास्त गोडी. एका रविवारी मी त्याला घरी नेला. आईनं चहा केला आणि त्याला पडवीत कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपातून दिला. कप बघून मला कळलं, आणि त्यालाही कळलं. मी काही बोललो नाही. चहा पिऊन तो उठला, रांजणाशी न जाता बादलीतल्या पाण्यानं कप विसळला आणि होता त्या कोनाड्यात पालथा घालून ठेवला. जाताना आईला म्हणाला, चहा फक्कड झाला होता. तो गेल्यावर मी आईवर चिडलो, म्हणजे चिडल्यासारखं केलं. "मला काय न्हाई रं," आई म्हणाली, "पर गाव काय म्हनंल?" गावाचं नाव पुढं केलं की मलाही बरंच होतं. मग मी त्याला घरी न्यायचंच बंद केलं आणि सोयीनं त्याच्याकडे जाऊ लागलो.

आमच्या इन्स्पेक्शनचे फोरमन म्हणजे मामा. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. महत्त्वाचा नग असला की तो दोघांनी मोजायचा, एकमेकांना न सांगता. आकडा आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठीची घडी घालायची, आणि मग ज्याची चिठ्ठी त्यानंच उघडायची. तोंडानं सांगितलेला आकडा मामा धरायचेच नाहीत. "तोंड काय, कुणाचंही ऐकतं," म्हणायचे. आकडे रजिस्टरात चढले की खाली सही, आणि सहीपुढं त्याच दिवसाची तारीख. काल करायची राहिलेली सही आज केली तर तारीख आजची टाकायची, मागची टाकताना कुणी सापडला की त्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी. आम्हा पोरांना हा सगळा जाच वाटायचा. काशिनाथला मात्र ती पद्धत फार आवडली. बाहेर कोण कुणाचा, हे बघून माणसं खरं-खोटं ठरवतात, इथं नुसता नग बोलतो, असं तो एकदा मला म्हणाला होता. मी तेव्हा हो हो म्हटलं. मला त्यातलं काय कळणार होतं, माझ्यावर ती वेळ कधी आलीच नव्हती.

पुढं तो लॅपिंगला गेला. पोलादाचा पृष्ठभाग पूड लावून, घासून घासून असा सपाट करायचा की दोन तुकडे एकमेकांवर ठेवले तर चिकटून बसावेत. त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्यातूनच त्याच्या डोक्यात दुर्बिणीचं खूळ शिरलं. लायब्ररीतून एक पुस्तक आणलं, पुण्याच्या जुन्या बाजारातून एक जाड गोल काच आणली, आणि घरामागं पत्र्याच्या पिंपावर ती बसवून तिच्यावर दुसरी काच घासायला लागला. चार वेळा घासायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा चार वेळा. असे पिंपाभोवती महिनोन्‌महिने फेरे. त्याची आई वैतागून म्हणायची, देव सोडले आणि आता पिंपाला प्रदक्षिणा घालतोस होय रे? पॉलिशसाठी लाल भुकटी लागायची, ती त्याच्या नखांत कायमची बसली. शेजारपाजारचे विचारायचे, काय काशिनाथ, कुंकवाचा कारखाना काढला की काय? तो हसायचा आणि घासत राहायचा. लग्न झाल्यावर सुमनवहिनी आल्या, त्यांनी पहिल्या महिन्यात तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या महिन्यात पाण्याची बादली धरायला उभ्या राहिल्या. आरसा एकदा बिघडला, पुन्हा पहिल्यापासून घासला. शेवटी त्यावर चांदीचा मुलामा चढला, पत्र्याची नळी झाली, पाइपाच्या तुकड्यांचं स्टँड झालं. सहा इंची दुर्बीण. मी तिच्यातून चंद्र बघितला. एवढं खरं मी कधी काही बघितलं नव्हतं.

पण चंद्र कुणीही दाखवील, असं त्याचं म्हणणं. त्याला आरशाची परीक्षा घ्यायची होती, आणि त्यासाठी त्यानं एक तारा निवडून ठेवला होता. मार्चमध्ये अंधार पडला की दक्षिणेला व्याध चमकत असतो, त्याच्या खाली एक ठळक तारा आहे. पुस्तकात त्याचं अरबी नाव होतं, अधारा. काशिनाथ त्याला नुसतं 'खालचा' म्हणायचा. दिसायला एक, पण आहेत दोन. मोठा राक्षसी जातीचा, आपल्या सूर्यासारखे हजारो पेटवले तर पडेल एवढा त्याचा उजेड. आणि त्याला अगदी खेटून एक बारका सोबती. तो बारका एकटा असता तर दुर्बिणीतून बघायला अवघड काही नाही, पण शेजारचा इतका झगझगीत की तो सापडत नाही. आरशात केसाएवढा जरी दोष असला तरी मोठ्याचा उजेड इकडंतिकडं सांडतो आणि लहानगा त्यात बुडून जातो. आरसा निर्दोष असला तर दोन दिसणार, नाहीतर एकच. काशिनाथला एका संध्याकाळी दोन दिसले. पण तो हुरळला नाही. पुस्तकात बारक्याची जागा दिलेली आहे, ती मी वाचलेली आहे, म्हणजे माझं रीडिंग कच्चं, म्हणाला. ज्यानं जागा वाचलेली नाही अशा दुसऱ्या कुणाचं तरी रीडिंग हवं. आणि ती जागा त्यानं मला कधीच सांगितली नाही.

पंच्याहत्तर साल उजाडलं. कंपनीत स्टँडर्ड रूमला माणूस हवा होता. स्टँडर्ड रूम म्हणजे जिथं मापांचीही मापं ठेवलेली असतात ती खोली. गार हवा, जनरल शिफ्ट, अंगात पांढरा कोट. नावं दोनच होती, त्याचं आणि माझं. इन्स्पेक्शनच्या साहेबांना माझं पारडं जड वाटत होतं, पण मामांनी निवृत्त होता होता काशिनाथच्या दुर्बिणीची गोष्ट त्यांच्या कानावर घातली. असला आरसा ज्याच्या हातून झाला त्याला स्टँडर्ड रूममध्ये न घेणं म्हणजे पाप आहे, असं म्हणाले म्हणे. साहेबांना गंमत वाटली. एकदा येऊन बघतो म्हणाले. दाखव तुझे ते दोन तारे, दिसले तर खोली तुझी. हे त्यांनी दोघांच्या देखत सांगितलं. काशिनाथ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दत्तू, तू पण ये. दुसरं रीडिंग तुझं." मी म्हटलं, अरे, माझंही नाव आहे त्यात. तर म्हणाला, "म्हणून तर. तुझ्या तोंडचं साहेब खोटं कसं म्हणतील?"

होळी होऊन गेली होती. साहेबांच्या स्कूटरवर मागं बसून मी देहूरोडला गेलो. साडेसात वाजले असतील. लष्करी भाग, दिवे कमी, आभाळ स्वच्छ. अंगणात दुर्बीण मांडलेली, खुर्ची एकच, ती साहेबांना. वहिनींनी चहा आणला, बशीसकट नवे कोरे कप. काशिनाथनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यानं दोन चिठ्ठ्या काढल्या. दोन्हींवर वॉशर ठेवून पेन्सिलीनं गोल काढलेला. मधे तारा धरायचा, म्हणाला, आणखी काही दिसलं तर जिथं दिसेल तिथं ठिपका द्यायचा. साहेब चहा पीत होते म्हणून आधी मी डोळा लावला. सुरुवातीला नुसतं लखलखणारं टपोरं तेज, थरथरणारं. मी श्वास धरला. हवा क्षणभर ठरली... आणि वरच्या अंगाला, घड्याळात एकच्या आकड्याच्या जरा अलीकडं, सुईच्या टोकाएवढा एक ठिपका स्पष्ट उभा राहिला. गेला, पुन्हा आला. तीनदा बघितला. मी वाकून चिठ्ठीवर ठिपका दिला, घडी घातली. हा माणूस काय आहे, असं मनात आलं होतं. खरंच आलं होतं.

मग साहेब बसले. चष्मा काढला, चष्मा घातला, दुर्बिणीला धक्का लागला, काशिनाथनं पुन्हा तारा आणून दिला. साहेब अर्धं मिनिट बघून उठले. चिठ्ठीला हातही लावला नाही. चिठ्ठ्या कसल्या घेऊन बसलास, म्हणाले, एकच तर आहे. काशिनाथ नम्रपणे म्हणाला, हवा ठरेपर्यंत जरा थांबावं लागतं साहेब, पुस्तकातही दिलंय. पुस्तकात वाचलंस म्हणूनच दिसला असेल तुला, असं साहेब बोलले, आणि मुद्दा बिनतोड होता. त्याला उत्तर एकच होतं, ते माझ्या मुठीत होतं. काशिनाथनं माझ्याकडं बघितलं, चिठ्ठीसाठी हात पुढं केला. साहेबांनीही मान वळवली. "तुला काय दिसलं रे?"

"एकच, साहेब," मी म्हणालो.

मी शेण खाल्लं. दुसरा शब्द नाही त्याला. घाबरलो होतो म्हणावं तर तसंही नव्हतं, कुणी माझा गळा धरला नव्हता. पांढरा कोट डोळ्यांपुढं आला, आणि साहेबांना एक दिसलाय तर मी दोन कसं म्हणू, एवढंच. काशिनाथचा पुढं आलेला हात तसाच थोडा वेळ राहिला आणि मग त्यानं तो दुर्बिणीचं झाकण उचलायला वापरला. हवा बरी नसेल आज, असं काहीतरी तो साहेबांना म्हणाला. मी चिठ्ठीचा चोळामोळा केला आणि रिकाम्या कपात कोंबला. परतीच्या वाटेवर साहेब स्कूटर चालवता चालवता म्हणाले, या लोकांना चार बुकं शिकवली की असं होतं बघ, नसलेलंही दिसायला लागतं. मी हसलो. मागं बसलेल्या माणसाचं हसू पुढच्याला दिसत नाही, ते ऐकू जावं लागतं. म्हणून मी मोठ्यानं हसलो.

खोली मला मिळाली. काशिनाथनं पेढे मागितले आणि खाल्ले. वर्षभर लॅपिंगला तसाच राहिला, मग भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये गेला. त्या संध्याकाळीबद्दल त्यानं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही, आणि तेच मला खुपायचं. एकदा तरी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं व्हायचं माझं. मार्च आला की व्याधाकडं मान वर करायची हिंमत व्हायची नाही. आणि दर मार्चमध्ये त्याचं कार्ड यायचं, मोजून दोन ओळींचं. हवा चांगली आहे, येऊन जा. मी दर वेळी ओव्हरटाइमचं कारण कळवायचो. स्टँडर्ड रूमला ओव्हरटाइम नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी पुढच्या मार्चमध्ये कार्ड यायचंच. मोठ्या ताऱ्याच्या उजेडात लहान बुडतो, ही उपमा कुणी आम्हा दोघांना लावेल म्हणून आधीच सांगतो, तसं नव्हतं. मी कधीच तेवढा उजेडाचा नव्हतो. मी आरशातला दोष.

यंदा कार्ड येणार नव्हतं, म्हणून मी गेलो. गेल्या रविवारी. दुर्बीण कोपऱ्यात चादरीखाली उभी होती. फोटोला हार होता, खाली मेणबत्ती. सुमनवहिनींनी चहा ठेवला आणि त्या समोर बसल्या. मी ठरवून गेलो होतो की सांगायचं. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून शेवटी सुरुवात केली, की वहिनी, त्या संध्याकाळी साहेबांपुढं मी जे बोललो... त्यांनी मला थोडा वेळ तसंच अडखळू दिलं.

"कप मीच विसळले होते, भाऊजी," त्या म्हणाल्या.

मग उठून त्यांनी फळीवरून एक रजिस्टर काढलं, आमच्या कंपनीत असायचं तसं लांबट. रकाने त्यानं हातानं आखलेले. तारीख, हवा, पहिलं रीडिंग, दुसरं रीडिंग, सही. पंच्याहत्तर सालच्या पानावर माझी चिठ्ठी खळीनं चिकटवलेली होती. चहाचा डाग पिवळा पडलेला, सुरकुत्या हातानं दाबून सरळ केलेल्या, आणि मधे वॉशरचा गोल, एकच्या जरा अलीकडं माझा ठिपका. शेजारी त्याचं ते मोजून लिहिलेलं अक्षर. 'दुसरं रीडिंग, दत्तात्रय. दोन. जागा बरोबर.' तोंडानं मी काय म्हणालो त्याचा उल्लेख कुठंच नव्हता. सहीचा रकाना मोकळा होता. खाली पुढच्या प्रत्येक मार्चची एक ओळ. त्याचं रीडिंग, आणि दुसऱ्या रीडिंगच्या जागी, 'दत्तू आला नाही, ओव्हरटाइम.' सहा वेळा.

वहिनी सांगत होत्या. त्याच रात्री त्यांनी ती चिठ्ठी त्याच्या हातात दिली होती, आणि म्हणाल्या होत्या की सकाळी जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवा, मान खाली जाईल दोघांची. तो बराच वेळ चिठ्ठी बघत बसला. इतका खूश दिसला, म्हणाल्या, की मला राग आला. दोन दिसले त्याला, दत्तूला दोन दिसले, आरसा बरोबर आहे, एवढंच म्हणत होता. आणि साहेबांकडं न्यायचं म्हटलं तर म्हणाला, ज्याची चिठ्ठी त्यानंच उघडायची असते. येईल तो.

सात वर्षं वाट बघितली त्यानं. मला वाटत होतं तो मला टोचायला कार्डं लिहितो. तो फक्त सहीसाठी बोलावत होता.

वहिनींनी पेन पुढं केलं नाही, मी माझ्या खिशातलं काढलं. सही केली. तारीख गेल्या रविवारची टाकली. पंच्याहत्तरच्या पानावर ब्याऐंशीची तारीख, ज्याला वाचायचं त्यानं मधलं अंतर वाचावं. कोट अजून माझ्या अंगावर आहे, साहेब निवृत्त होऊन गेले, आता या सहीचा कुणाला काही उपयोग नाही, हे मला कळतं. रजिस्टर मिटून वहिनींनी फळीवर ठेवलं. मी चहा संपवला, उठलो, मोरीत जाऊन माझा कप विसळला आणि फळीवर पालथा घालून ठेवला. वहिनी बघत होत्या. राहू द्या, असं त्या म्हणाल्या नाहीत.